आईवर दोन हात पॉलिश

लाखेच्या पॉलिशचा वास थोरलीला जिन्यातच आला आणि ती चौथ्या पायरीवर थांबली.

खालच्या कारखान्यात हा वास बारा महिने असतो, त्याचं कुणाला काही नाही. तीन पिढ्या लोकांच्या कपाट-खुर्च्यांना पॉलिश करण्यात गेल्यावर घरातल्या उशांनासुद्धा तोच वास लागलेला. पण वरच्या मजल्यावरची मागची खोली थोरलीची. तिथे ती चित्रं काढते, आणि त्या खोलीत लाखेचा वास नको म्हणून तिने जिन्याच्या तोंडाला जाड पडदा लावून घेतला होता. त्या पडद्यावरून धाकट्या भावाने आठ दिवस अबोला धरला होता. आपल्याच धंद्याचा वास हिला सोसत नाही, म्हणे. आज मात्र वास पडद्याच्या आतून येत होता.

नव्या चौकटीसाठी आणलेल्या लाकडी पट्ट्यांचा गठ्ठा तसाच काखेत धरून ती भराभर वर गेली.

रविवार होता, अकरा वाजत आले होते. सोळा दिवसांनी गॅलरीची गाडी येऊन सहाही चित्रं घेऊन जाणार होती. जायच्या आधी घरच्यांनी एकदा नीट बघून घ्यावीत, असं तिनेच सगळ्यांना सांगितलं होतं. तर सगळे जमलेही होते. भाऊ, ज्याला आता सगळं घर भाऊच म्हणतं. त्याची बायको, जी कारखान्याच्या ऑर्डरी सांभाळते आणि म्हणून जिला सासूसकट सगळे मॅनेजर म्हणतात. आणि दवाखान्यातली पाळी उरकून थेट इकडे आलेली धाकटी बहीण, अजून नर्सच्या पांढऱ्या बुटांत. भिंतीला पाच चित्रं टेकवून ठेवली होती, प्रत्येक माणसाएवढं उंच. सुतारकाका, घासकामाची बाई, भाऊ, मॅनेजर, धाकटी. काम नुकतंच संपलंय आणि अजून हातसुद्धा धुतलेले नाहीत, त्या पाच मिनिटांतली माणसं. दोन वर्षं थोरली रोज सकाळी सात ते साडेदहा एवढंच काढत होती.

पण त्या पाचांकडे कुणी बघत नव्हतं. तिघंही ईझलवरच्या सहाव्या चित्रासमोर उभी होती. ते आईचं चित्र होतं, आणि ते चमकत होतं.

"ये ये," भाऊ म्हणाला. "बघ कशी खुललीय."

थोरलीने पट्ट्या खाली ठेवल्या. वाकून, खिडकीकडून येणाऱ्या तिरक्या उजेडात पाहिलं. मग करंगळीचं टोक चित्राच्या खालच्या कडेला टेकवलं. बोट किंचित चिकटलं.

"किती हात मारलेस?"

"दोन. पातळ. मऊ ब्रशने मारलेत, कापडाच्या पोच्याने घासलं नाही, तेवढी अक्कल आहे मला." भाऊ भलताच खुशीत होता. "तू पट्ट्या आणायला गेलीस तेव्हा पहिला, आणि मघाशी दुसरा. बाकीच्या पाचांना हात लावला नाही. पण आईला असं कोरडंठाक पाठवायचं? शेवटचा हात मारल्याशिवाय या घरातून काही बाहेर गेलंय का आजवर?"

"काय सुंदर दिसतंय ताई," धाकटी म्हणाली. "आधी मला ते जरा धुरकटच वाटायचं. बोलले नाही कधी, पण वाटायचं."

मॅनेजर चित्राकडे बघतच नव्हती, थोरलीच्या मानेकडे बघत होती. ती मान हळूहळू लाल होत चालली होती.

"भाऊ," थोरली म्हणाली, "हे संपलेलं नव्हतं."

"चार महिने तर नुसती समोर उभी राहतेस. काय राहिलं होतं?"

"चेहरा."

"चेहरा तर आहे की."

स्पिरिटची बाटली भाऊ तिथेच विसरला होता. थोरलीने त्यात कापूस बुडवला आणि चित्राच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, आईच्या स्टुलाचा पाय होता तिथे, हलकेच फिरवला. कापूस आधी पिवळा झाला, मग तपकिरी. स्टुलाचा पाय अर्धा पुसला गेला.

तो कापूस तिने भाऊच्या तळहातावर ठेवला.

"पॉलिश काढायला गेलं की खालचा रंगही निघून येतो," ती म्हणाली. "ठेवलं तर वर्षभरात तडकतं. तैलरंग आतून महिनोन्महिने सुकत असतो रे. तू त्याच्यावर झाकण घातलंस."

भाऊ कापसाकडे बघत राहिला. तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, निदान उलट बोलता आलं असतं. पण ती शांतपणे ब्रश गोळा करायला लागली, आणि मग त्याला तिथे उभं राहवेना.

तो खाली कारखान्यात आला आणि एका कपाटाचं दार मांडीवर घेऊन घासत बसला. रविवारी कारखाना बंद असतो. त्या दाराचं घासकाम कालच झालं होतं, तरी तो घासत बसला.

आता खरं काय ते सांगायचं तर भाऊला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, आणि ते त्याने कधी लपवलेलंही नाही. बाबांनी हाताला धरून शिकवलं ते थोरलीला. तिचा हात माझ्या मुलापेक्षा हलका आहे, असं ते गिऱ्हाइकांसमोर बोलून दाखवायचे आणि मुलगा तिथेच खाली मान घालून पाय घासत असायचा, टेबलाचे. मग एक दिवस थोरली चित्रं काढायला म्हणून वर गेली ती गेलीच, आणि कारखाना याच्या गळ्यात पडला. वीस वर्षं त्याने तो चांगला चालवला. पण दर वेळी एखादं काम खरंच झकास उतरलं की त्याला वाटायचं, हे तिने बघायला हवं होतं. ती कशाला बघतेय.

मग गेल्या वर्षी ती म्हणाली, तुझं चित्र काढायचंय, चौदा सकाळी दे. फोटोवरून ती काढत नाही, माणूस समोर लागतो. पहिल्या सकाळी तिने चेहरा काढला आणि दुसऱ्या सकाळी हा वर गेला तेव्हा सुरीने तो खरवडून काढत होती. भाऊ भडकला होता. माझ्या तोंडात काय खोट आहे? थोरली म्हणाली, तोंडात नाही, मी काढलं त्यात आहे. तिची रीतच तशी. कालचा चेहरा आज खरा वाटला नाही की काढून टाकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. पाचव्या दिवसापर्यंत भाऊ स्वतःच जिन्यातून ओरडायला लागला होता, "आज खरवडणार की ठेवणार?" ज्या दिवशी तिने ठेवला त्या दिवशी तो त्या चित्रासमोर नुसता उभा राहिला. कारखाना बंद करून दमून उभा असलेला एक माणूस, आणि तो बाबांसारखा दिसत नव्हता, आपल्या स्वतःसारखा दिसत होता. त्याला तिला काहीतरी सांगायचं होतं. तो म्हणाला, "बरंय," आणि खाली आला.

"दार झिजेल," मॅनेजर म्हणाली. ती चहाचा कप घेऊन उभी होती.

"मी चांगल्यासाठीच केलं."

"ठाऊक आहे. तीच तर पंचाईत आहे. वाईटासाठी केलं असतंत तर भांडून मोकळे झालो असतो."

"तिला सांगायचं होतं मला, चित्रं आवडली म्हणून."

"मग तोंडाने सांगायचं. त्याला पॉलिशचा डबा कशाला लागतो?"

भाऊने दार बाजूला ठेवलं. "घरात शेवटचा हात आईच मारायची," तो म्हणाला. "चाळीस वर्षं. कुणाचंही काम असो, दाराबाहेर जायच्या आधी आईचा हात फिरायचा. आता तिचा हात उठत नाही. मग तिच्या स्वतःच्या चित्रावर कुणी मारायचा? मी म्हटलं, मी मारतो."

मॅनेजरने कप त्याच्या हातात दिला आणि पॉलिशपेपर काढून घेतला.

"वर चला," ती म्हणाली. "दोघी बहिणी एकमेकींना खायला उठल्यात. आणि आईंच्या खोलीचं दार उघडंच आहे."

मधल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात टेबलापाशी धाकटी अजून बसलीही नव्हती. खांद्याला पर्स तशीच लटकलेली, पायांत ते पांढरे बूट, आणि झोप तर दोन दिवसांची तुंबलेली. तिचं म्हणणं अगदी साधं होतं आणि ते ताईला का कळत नाही हे तिला कळत नव्हतं.

"ठेव ना ते तसंच," ती म्हणत होती. "वर्षाने तडकेल ते वर्षाने बघू. आत्ता तर चांगलं दिसतंय ना? आईचा चांगला चेहरा आता तेवढा एकच उरलाय."

"तो चांगला नाहीये," थोरली म्हणाली.

"म्हणजे?"

"खोटा आहे. अकरा सकाळी तिला बसवलं आणि रोज आदल्या दिवशीचा खरवडला. अकराव्या दिवशीचाही दुसऱ्या दिवशी खरवडणार होते. त्या दिवशी ती पडली."

ते सगळ्यांनाच माहीत होतं. बाराव्या सकाळी पावणेसातला आई वर यायला निघाली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसली. उजवा हात लुळा पडला, तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली. धाकटीनेच तिला गाडीत घातलं होतं. चार महिन्यांत पाय सुधारला, हात थोडा थोडा हलायला लागला, बोलणं जड का होईना परत आलं. तोंड मात्र तसंच राहिलं. तेव्हापासून बाहेरचं कुणी आलं की आई शाल नाकापर्यंत ओढून घेते. जेवते एकटी, आणि खोलीतला आरसा तिने धाकटीला काढायला लावला.

"मग चार महिने का नाही खरवडलास?" धाकटीने विचारलं. तिने टोचायला म्हणूनच विचारलं होतं.

थोरली करंगळीवरचं चिकट पॉलिश नखाने खरवडत होती.

"भ्याले," ती म्हणाली. "रोज सातला उभी राहायचे आणि मागची भिंत रंगवायचे. स्टूल रंगवायचे. ते स्टूल मी बावीस वेळा रंगवलंय. चेहऱ्याकडे फिरकले नाही. भाऊने आज पॉलिश मारलं नसतं तर तो तसाच पाठवला असता, लोकांनी वाहवा केली असती, आणि मी ती ऐकून घेतली असती."

भाऊ दारात येऊन उभा होता. "म्हणजे माझी चूक नाही?"

"तुझी आहेच. विचारल्याशिवाय हात लावलास, तो गाढवपणाच आहे. पण माझी आधीची आहे."

"आता काय करणारेस?"

"नवीन कॅनव्हास ताणते. पंधरा सकाळी आहेत. आई आज आहे तशी काढते."

धाकटीने पर्स टेबलावर आपटली. "नाही," ती म्हणाली.

ती पुढे बोलायला लागली, आणि बोलता बोलता तिला रडू यायला लागलं. त्याचाही तिला राग आला. "तिचं तोंड भिंतीवर टांगणार तू? परकी माणसं येऊन बघणार? तिला रोज पुसते कोण? मी पुसते. चहाचा ओघळ येतो तिच्या तोंडातून, आणि मी पुसताना ती डोळे मिटून घेते, ताई. लहान मुलं घेतात तसे नाही. आपण दिसू नये म्हणून घेते. मी तिला शब्द दिलाय, आई, तुला असं कुणी बघणार नाही."

"धाकटी बरोबर बोलतेय," भाऊ म्हणाला. "ठेव ते आहे तसं. हवं तर मी वरून आणखी एक..."

"आणखी एक काय?" मॅनेजरने विचारलं.

"काही नाही."

"तुम्ही धाकटीच्या बाजूने का बोलताय, सांगू?" मॅनेजर नवऱ्याला म्हणाली. "ते चित्र राहिलं की तुमची चूक ही चूकच राहत नाही. म्हणून."

भाऊ हट्टी आहे, कोडगा नाही. तो खुर्ची ओढून बसला आणि टेबलावरचा चमचा सरळ करत म्हणाला, "हो. तसंच आहे ते." आणि मग, "ताई, काढ तू. मी आईला रोज वर आणीन."

म्हणजे तिघं एकीकडे झाली. धाकटीला एकदम ती नऊ वर्षांची असतानाचं आठवलं, तेव्हाही हे दोघं भांडता भांडता अचानक एक व्हायचे आणि ती मध्ये उभी राहायची.

"तुझं चित्र काढलं तेव्हा तू रागावलीस का?" थोरलीने तिला विचारलं. "पाय सुजलेले, डोळ्यांखाली काळं, केस विस्कटलेले. काही लपवलं नाही मी."

"नाही रागावले. पण मला तू विचारलं होतंस. मी हो म्हटलं होतं."

हे मात्र खरं होतं, आणि थोरलीला ते लागलं. ती टेबलाला टेकली.

"मग आईला विचारू," ती म्हणाली.

"ती नाही म्हणेल."

"नाही म्हणाली तर नाही काढणार. पाच चित्रं पाठवीन आणि सहावी जागा मोकळी ठेवा म्हणून सांगीन. पण पॉलिशवालं जाणार नाही. ते मी आजच कापून टाकते."

"दोन वर्षं केलेलं असं अर्धवट पाठवशील?"

"पाठवीन."

थोरली असं म्हणाली की ते तसंच होतं, हे या घरात सगळ्यांना अनुभवाने माहीत आहे. धाकटी खुर्चीवर बसली. तिला आता जिंकायचंच होतं आणि जिंकायचं नव्हतंही.

"विचारा की मग," आई म्हणाली.

ती आपल्या खोलीच्या दारात उभी होती, डाव्या हाताने चौकट धरून, शाल नाकापर्यंत.

आईचे कान शाबूत होते, हे गेले चार महिने सगळे विसरले होते. तोंड वाकडं झालं की माणसं कानही गेले असं धरून चालतात. तिला वगळून आपसांत बोलतात, समोर उभं राहून कुजबुजतात, तिने खाल्लं का, ती झोपली का. आई ते सगळं ऐकत होती. राग यायचा तिला, पण राग बोलून दाखवायला शब्द लागतात आणि शब्द तोंडातून ओले, लोळागोळा होऊन यायचे. मग ती गप्प बसायची. आज ती पाऊण तास ऐकत होती, आणि शेवटी उठली ती रागानेच उठली.

"आधी मला बघू दे," ती म्हणाली.

वर जायला एकोणीस पायऱ्या. भाऊने उचलून नेतो म्हटलं, तर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने फक्त दंड पुढे केला. दर दोन पायऱ्यांना थांबत ती चढली. मागे धाकटी दोन्ही हात पसरून, पडली तर झेलायला.

ईझलसमोर ती बराच वेळ उभी राहिली. मग वाकली, चित्राची कड तिरक्या उजेडात बघितली, डावीकडून, उजवीकडून.

"दुसरा हात घाईने मारलास," ती भाऊला म्हणाली. "पहिला वाळला नव्हता."

"हो," भाऊ म्हणाला.

"कोपऱ्यात ओघळ आलाय."

"हो."

मॅनेजरने तोंडावर हात ठेवून खिडकीकडे तोंड फिरवलं. आईने मग मान वर करून चित्रातल्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कारखान्याचा एप्रन, मांडीवर पोचा, काम संपवून बसलेली, आणि ओठांवर बारीकसं हसू. समजूतदार, प्रेमळ बाई.

"गोड आहे," आई म्हणाली. "ही कोण?"

"आई, तूच," धाकटी म्हणाली.

"छे." तिने थोडा दम घेतला. पुढचं लांब होतं आणि ते सगळं तिला एकदाच बोलून टाकायचं होतं. "मी वर यायच्या आधी खाली तोंड धुवायचे. आणि हे असं तोंड करून यायचे. पोरगी एवढं चित्र काढतेय. म्हटलं, दमलेली नको दिसायला. चिडकी नको. अकरा दिवस हे तोंड धरून बसले मी. तू खरवडायचीस. मी दुसऱ्या दिवशी परत तेच आणायचे."

रोज सकाळी सुरी चालवताना आपल्याच डोळ्यांत काहीतरी कमी पडतंय, असं थोरलीला अकरा दिवस वाटत होतं.

"मला कळायचं काहीतरी अडतंय," ती म्हणाली. "काय ते कळायचं नाही."

"आता धरता येत नाही," आई म्हणाली. "ही बाजू ऐकत नाही माझं."

आणि तिने डाव्या हाताने शाल खाली ओढली. धाकटी सवयीने पुढे झाली, हातात रुमाल घेऊन. आईने तिचं मनगट धरलं.

"तू शब्द पाळलास," आई तिला म्हणाली. "आता मी सोडवते तुला त्यातून."

"आई, लोक बघतील."

"बघू देत. चाळीस वर्षं माझा हात लोकांच्या घरात आहे. तोंड कुणी बघितलंय?"

धाकटी रडली, पण रुमाल आईच्या तोंडाला न लावता तिने स्वतःच्या डोळ्यांना लावला. भाऊ खिशात हात घालून चित्रांकडे बघत होता, एकेका चित्राकडे, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. "ताई," तो मध्येच म्हणाला, "चांगली आहेत गं ही. फार चांगली आहेत." वीस वर्षांनी का होईना, तोंडाने बोलला.

थोरलीने मान हलवली. "पट्ट्या धर," ती म्हणाली, आणि दोघं जमिनीवर बसून चौकट जोडायला लागली. कॅनव्हास ताणायला चार हात लागतात. एकाने ओढायचा, दुसऱ्याने खिळा मारायचा. भाऊ ओढत होता आणि थोरली मारत होती, आणि लहानपणी बाबांच्या हाताखाली दोघं खुर्चीची गादी ताणायची तेव्हाही हेच होतं, फक्त तेव्हा अंगठ्यावर हातोडी बसायची ती भाऊच्या.

सोमवारी पावणेसातला आई पहिल्या पायरीशी आली. तिथे ती थांबली. त्या पायरीकडे तिने एकदा पाहिलं, काय मनात आलं ते आपल्यापाशीच ठेवलं, आणि पाऊल टाकलं.

वर खिडकीपाशी खुर्ची मांडलेली होती. स्टुलावर आता तोल राहत नाही. धाकटीने पाठीशी उशी लावली, उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, आणि पाळीला जायच्या ऐवजी पडद्यापाशी जमिनीवर बसली. तासभर उशीर झाला तर दवाखाना बुडत नाही, म्हणाली. हे तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं सगळ्यांनी.

थोरलीने कोळसा घेतला. पांढऱ्या कॅनव्हासवर तिने खुर्चीची पाठ काढली. मग खांदा. मग एप्रनची पट्टी, मांडी, मांडीवर निजलेला हात. हात तिने सुरेख काढला. खुर्चीचे पाय काढले. खिडकीची कड काढली आणि पुसली आणि पुन्हा काढली.

आई बघत होती. तिला चित्रातलं कळत नसेल, पण काम करणाऱ्या हाताबद्दल तिला कुणी काही शिकवायची गरज नाही. कारखान्यात नवा कारागीर आला की तो आधी कपाटाची मागची फळी धरतो. भिंतीकडची, कुणाला न दिसणारी. दर्शनी दार ठेवतो शेवटाला, भीतीने. चाळीस वर्षांत असे तिने कितीतरी पाहिले. समोर पन्नाशी उलटलेली आपली मुलगी तेच करत होती. बिचारी चार महिने या खोलीत एकटी उभी होती. आपण खाली शाल ओढून बसलो होतो, आणि ही वर.

"थोरले," आई म्हणाली.

"हं? दुखतंय का? थांबूया?"

"तोंडापासून सुरू कर."

थोरलीचा हात कॅनव्हासवरच राहिला. "ते मी शेवटी घेते, आई. आधी सगळं बसवून..."

"शेवटी नको. परत भिशील." आईला धाप लागली होती, तरी ती म्हणाली, "मी बसलेय. बघ माझ्याकडे."

थोरलीने पाहिलं. चार महिन्यांत पहिल्यांदा तिने आईच्या चेहऱ्याकडे सरळ, मान न वळवता पाहिलं, जसं ती सुतारकाकांकडे पाहायची, भाऊकडे पाहायची. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने बाहीने पुसलं, कारण त्याने नीट दिसत नव्हतं. मग ती एक पाऊल पुढे आली आणि ओठांचा खाली गेलेला तो उजवा कोपरा आधी काढला.